नानांना काढलं

४ फेब्रुवारी, बुधवार
सकाळी पंचवटीत रामाचं दर्शन घेतलं, भाजी घेतली, परतताना कचरूनानांकडे टेकलो. आमच्या भजनी मंडळात पखवाज नानांचाच, मी टाळ धरायला शिकलो त्याच्याही आधीपासून. त्यांनी मोबाइल पुढं केला. "दत्तू, मंडळाच्या ग्रुपवर काय आलंय बघ रे. इंग्रजी हाय."
वाचलं. गणेशनं तुम्हाला रिमूव्ह केलंय.
"म्हंजे?"
"काढलं, नाना."
चष्मा काढून पुसला. मग, "काढायचं व्हतं तर घरी यायचं. च्या पाजला असता."
भाजीची पिशवी तिथंच विसरलो.

५, गुरुवार
भजनाआधी देवळात गणेशला गाठलं. मंडळाचा सेक्रेटरी, माझ्या चुलतभावाचा मुलगा.
"काका, नानांना ऐकू कमी येतं, ठेका सुटतो. स्पर्धा तोंडावर आलीय. दुसरा पखवाजवाला बघितलाय."
"त्यांना सांगितलंस?"
"ग्रुपवर दिसतंच की."
बाकीचे टाळांच्या दोऱ्यांशी चाळा करत बसले. आणि मी? मीही बसून टाळ वाजवला. घरी येऊन जेवलो नाही.
ठेका सुटतो हे खरं आहे. राग त्याचा नाही.

७, शनिवार
लेकीला विचारलं, रिमूव्हचे अर्थ किती? तिनं मोबाइलमध्ये बघून वाचले. डाग काढणे, टाके काढणे, अतिक्रमण काढणे, पदावरून काढणे. देवळाच्या पाटीवरही तोच शब्द, चपलांसाठी. नानांना यांनी कशात धरलं?
माझ्या पोटाचे टाके काढताना नर्स आधी म्हणाली होती, थोडं दुखेल हं काका. एवढं म्हणायलाही समोर माणूस लागतो.
भजन संपलं की नाना पखवाजाच्या तोंडाला लावलेली कणीक अंगठ्यानं खरवडतात, दारच्या गाईला घालतात. कधी फेकली नाही. कणकेचासुद्धा एवढा मान, आणि इथं...

१०, मंगळवार
गणेशला फोन. "नानांच्या घरी जा. तोंडानं सांग."
"तुम्ही फार मनावर घेता, काका. करतो ना परत ॲड. श्रोते म्हणून."
श्रोते! फोन बंद केला. संध्याकाळच्या पूजेत लक्ष नाही. देवा, हा राग तुझ्यासमोर तरी कसा लपवू?

१२, गुरुवार
गणेश गेलाच नाही.
मंडळाच्या टाळांची पिशवी पहिल्यापासून माझ्या घरी असते. आज ती देवळात नेली नाही. नानांच्या ओट्यावर आणून ठेवली. हिनं पखवाजासाठी कणीक मळून दिली, तीही.
नाना म्हणाले, "येडा झाला का दत्तू? कोण येणार हाय इथं?"
"मी आलोय ना."
"आन् ठेका सुटला तर?"
"सुटू द्या. मी थांबेन."
ग्रुपवर लिहिलं : आजचं भजन नानांच्या ओट्यावर. टाळ इथंच आहेत.
इथंच बसून हे लिहितोय. आठ वाजायचेत. गणेशचा फोन दोनदा वाजला, उचलला नाही. गल्लीत अजून कोणी दिसत नाही.
नाना पखवाजाला कणीक लावतायत.