दोन मिलिमीटर पुढे

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज त्याचा जबडा माझ्या टेबलावर आला! वरचा आणि खालचा, दोन्ही. प्लास्टरचे, कापसात गुंडाळलेले, खोक्यातून.

कागदावरचं नाव वाचायच्या आधीच ओळखला. खालचे पुढचे दोन दात एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखे, वरचा डावा सुळा आत वळलेला. नऊ वर्षं जेवताना हे दात समोर बघितलेत मी. नवरा विसरता येतो – मी विसरलेय – पण वीस वर्षं दातांच्या लॅबमध्ये काढलेल्या बाईला दात कसे विसरता येतील?

डॉक्टरांचा कागद नीट वाचला. नवीन डॉक्टर आहे, तरुण मुलगी, अक्षर सुरेख. लिहिलंय : झोपेत श्वास थांबण्याचा विकार. नाकावर मास्क लावून हवा सोडणारं मशीन घरी आहे, पण दाब सोळावर ठेवावा लागतो. इतक्या जोराच्या हवेनं तोंड उघडतं, हवा तिथून निसटते, पोट फुगतं, पेशंट मास्क काढून फेकतो. म्हणून मशीनच्या जोडीला दातांवर बसणारी पट्टी हवी, खालचा जबडा सहा मिलिमीटर पुढे धरणारी. घसा मोकळा राहील, तोंड मिटलेलं राहील, मग मशीनचा दाब उतरवता येईल. दोन्ही एकदम वापरायचं.

आणि खाली, तपासणीचा आकडा : श्वास थांबतो – तासाला बावन्न वेळा.

बावन्न! तीनदा वाचलं. डबा तसाच घरी परत आणला. आईनं विचारलं, बरं नाही का? म्हटलं, इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

५ फेब्रुवारी

लिहूनच काढते एकदाचं.

तो घोरायचा. घोरण्याचं काही नाही, जगात अर्धे लोक घोरतात. पण तो मधेच थांबायचा. घोरणं बंद, श्वास बंद, सगळं बंद. मी अंधारात डोळे उघडे ठेवून पडलेली. एक, दोन, तीन... वीसपर्यंत जायचे, कधी तीसपर्यंत. मग त्याला हलवायचे. तो फुर्रकन श्वास घ्यायचा, आणि मला म्हणायचा, “झोपू दे ना!” सकाळी सांगितलं की, “मी घोरतच नाही.” सासूबाई म्हणायच्या, मुलगी नाजूक आहे, आवाज सहन होत नाही. वन्सं म्हणायच्या, “आमच्याकडे कुणी घोरत नाही!” – जणू घोरणं मी माहेरून आणलं होतं.

नऊ वर्षांनी मी उशी घेऊन हॉलमध्ये गेले. झालं. तिथून पुढे सगळ्या संसाराची गोष्ट एवढीच उरली – बायको खोली सोडून गेली. घटस्फोटाच्या वेळी समुपदेशक बाईंसमोर तो शांतपणे म्हणाला, “हिला माझ्याजवळ झोपायची किळस येते.”

किळस! बाईंनी ते लिहून घेतलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या नावापुढे तो शब्द कुठल्यातरी फायलीत अकरा वर्षं पडून आहे.

दात असणं म्हणजे काय ते आज समजलं मला. त्याच्यावर माझा दात आहे, आणि त्याचे सगळे माझ्या टेबलावर आहेत.

६ फेब्रुवारी

जबडे बिजागरीच्या चौकटीत बसवले. डॉक्टरांनी ठसा पाठवला होता – पेशंटला जबडा पुढे काढायला लावून दातांमध्ये रबरासारखी पेस्ट भरतात, ती घट्ट झाली की तो ठसा. तो मध्ये ठेवला की खालचा जबडा किती पुढे यायचा ते ठरतं. मोजला. बरोब्बर सहा. पोरीचा हात चांगला आहे.

डॉक्टरांनी एकसंध पट्टी सांगितलीय. पुढेमागे करायचा स्क्रू नको, कागदावर लिहिलंय, ‘पेशंट स्वतःच फिरवत बसेल.’ ओळखलंय त्याला बरोबर! म्हणजे मी जे मोजमाप धरीन ते पक्कं. तोंडात घातलं की सुटका नाही.

दुपारी सगळे चहाला गेले होते. मी चौकटीचा पेच सैल केला. खालचा जबडा आणखी दोन मिलिमीटर पुढे ओढला. पेच आवळला.

दोन मिलिमीटर. माणसाच्या लक्षातही येणार नाही. पण रोज सात तास जबड्याचा सांधा ओढला गेला की तो सांधा सांगेलच सगळं. कानापाशी ठणका. सकाळी दात दातांवर बसणार नाहीत. घास चावताना कळ. बघू दे कशी झोप येते – आणि शेजारचं माणूस म्हणू दे, “काही होत नाही, तुझ्या डोक्यात आहे.”

७ फेब्रुवारी

पट्टी घासली, पॉलिश केली. आजवरची सगळ्यात देखणी. पाठवली.

१२ फेब्रुवारी

फोन नाही. कामात लक्ष नाही. एका आजोबांच्या कवळीचे दात बसवताना पुढचा एक उलटा बसवला. मालक म्हणाले, “काय हो, आजोबांना दोन्हीकडून हसवताय का?” सगळे हसले. मी पण हसले, पण कान फोनकडे.

१५ फेब्रुवारी

फोन आला! डॉक्टरांचा. “ताई, काय केलंत तुम्ही!” – मी फोन घेऊन मागच्या दाराशी गेले.

“पेशंट इतके खूश आहेत! दाब सोळावरून नऊवर आणला. मास्क फेकत नाहीत, पोट फुगत नाही. पंधरा वर्षांत पहिल्यांदा सलग झोपलो म्हणतात. मी त्यांना सांगितलं, आमच्या लॅबच्या ताईंचा हात आहे हा!”

थँक्यू म्हटलं. आणखी काय म्हणणार? मी दोन मिलिमीटर सूड घेतला आणि तो दोन मिलिमीटर जास्तच छान झोपला! हसू की कपाळ बडवू?

पण डॉक्टर गप्पिष्ट आहे. सांगत होती, सोबत बहीण येते, दर वेळी म्हणते, आमच्याकडे कुणी घोरत नाही, यालाच कसं काय! आणि घरी मिसेस हॉलमध्ये झोपतात.

हॉलमध्ये! दुसरीसुद्धा! तिच्या नावापुढे कुठला शब्द लिहिलाय कोण जाणे.

२१ फेब्रुवारी

लागू पडलं. उशिरा, पण लागू पडलं.

फोनवर डॉक्टरांचा आवाज एवढासा झाला होता. चार दिवसांपासून त्याचा जबडा ठणकतोय, पोळी चावता येत नाही, सकाळी दात जुळत नाहीत. पट्टी काढून ठेवली. पट्टी नसल्यावर नऊच्या दाबाचा काही उपयोग नाही, दाब वाढवला की मास्क फेकतो. परत पहिल्यासारखं. काल सिग्नलला गाडीत बसल्याबसल्या झोपला, मागच्यांनी हॉर्न वाजवून उठवला.

मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू? फोन कानाला धरून मी आनंदानं उभी होते.

मग ती म्हणाली, “ताई, चूक माझीच असणार. ठसा घेताना जास्त पुढे काढला गेला असेल जबडा. मी त्यांची माफी मागितली. त्यांची बहीण खूप बोलली मला, बोलू दे. तुमच्याकडे जुना ठसा आहे ना? पाठवता? मला बघायचंय माझं कुठे चुकलं ते.”

“तो तुटला,” मी म्हटलं.

इतक्या पटकन म्हटलं की मलाच आश्चर्य वाटलं.

“मग परत घेते,” ती म्हणाली. “या वेळी तुम्ही समोर उभ्या राहाल का? माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास राहिला नाही.”

२२ फेब्रुवारी

आईला सांगितलं, कुणाकडे जायचंय. दोन मिलिमीटरचं नाही सांगितलं.

आई भाजी निवडत होती. म्हणाली, “जा. त्याचे दात त्याच्याच घशात घालून ये एकदाचे.” मग थोड्या वेळानं, “पण काय बोलायचं ते आधी ठरवून जा. तुझं नेहमी ऐन वेळी रडू येतं.”

खरंय. त्या समुपदेशक बाईंसमोर पण रडूच आलं होतं. उत्तर दिलं असतं तर त्यांनी तेही लिहून घेतलं असतं.

२३ फेब्रुवारी

ठरवलं. तीन वाक्यं. आरशासमोर म्हणून बघितली. लग्नात अहो म्हणायचे, आता अरे म्हणणार!

२५ फेब्रुवारी

झालं!!

क्रमानं लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

वन्सं बाहेर बाकावर बसल्या होत्या, केस पांढरे, पर्स मांडीवर. मी तोंडावर कापडी मास्क लावला होता, त्यांनी ओळखलं नाही. आत तो खुर्चीत आडवा. जाड झालाय. मान तर राहिलीच नाहीये. माझ्याकडे बघितलंच नाही, छताकडे बघत होता.

डॉक्टरांनी मोजपट्टी लावली, जबडा पुढे घ्यायला सांगितला, दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “सहाच येतंय, ताई. मागच्या वेळीही सहाच आठवतंय मला. मग झालं काय?” मी खांदे उडवले. तिनं हातमोजे काढून स्वतःच्या हातांकडे बघितलं, मग नवे घातले आणि दातांमध्ये पेस्ट भरली. “चार मिनिटं दात मिटून ठेवा. बोलायचं नाही, हलायचं नाही.” तेवढ्यात शेजारच्या खोलीत कुणाचं तरी पोर केकाटलं आणि ती तिकडे पळाली.

चार मिनिटं! अकरा वर्षं मी बोलू शकले नाही, आणि आज तो बोलू शकत नव्हता.

मी मास्क खाली ओढला. “ओळखलंस?”

ओळखलं. डोळे असे झाले की वाटलं खुर्चीतून उठतोय. मी खांद्यावर हात ठेवला. “हलू नकोस. ठसा बिघडेल.”

मग माझी वाक्यं म्हटली. तीनची जरा जास्त झाली. म्हटलं, “तासाला बावन्न. हे मशीननं काल मोजलं, मी वीस वर्षांपूर्वी मोजलंय. तू किळस म्हणालास. किळस नव्हती रे. तुझा श्वास थांबला की माझा थांबायचा. तू घेतलास की मग मी घ्यायचे. नऊ वर्षं. शेवटी मला एक रात्र झोपायचं होतं, बस्स.”

रडू आलं नाही! आईला सांगणार आहे, एक थेंबसुद्धा नाही.

त्याला आलं. डोळ्यातून निघालं ते कानात गेलं, पुसताही येईना. नाकातून शिट्टीसारखा श्वास चालला होता. मला दया आली नाही. लिहून ठेवते – आली नाही.

डॉक्टर परत आली, ठसा काढला. त्यानं तोंड पुसलं. मला म्हणाला, “तुम्ही...” मग, “तू...” मग तिच्याकडे वळून, “डॉक्टर, ही माझी पहिली बायको. ही मला रात्रभर हलवून श्वास घ्यायला लावायची. मी सगळ्यांना सांगितलं, हिला वेड लागलंय. खरं हिचं होतं.”

वन्सं दारात येऊन उभ्या होत्या. “आमच्याकडे...” एवढंच म्हणाल्या. तो म्हणाला, “ताई, आपल्याकडे मी घोरतो.”

डॉक्टर बिचारी, हातात ठसा घेऊन नुसती एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती.

बसनं घरी न येता चालत आले. सबंध रस्ताभर एकटीच हसत होते. समोरून येणाऱ्या एका बाईनं रस्ता बदलला!

२६ फेब्रुवारी

नऊ तास झोपले. आईनं चहा दोनदा गरम केला.

नवी पट्टी सुरू केली. सहा मिलिमीटर, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. आता मला त्याचं काही नको. झोपू दे बापडा. त्याची दुसरी पण हॉलमधून आत जाऊ दे. जिंकल्यावर मन मोठं करायला काय जातं?

संध्याकाळी मालक वैतागून आले. त्या डॉक्टरांनी हातातल्या चारही पट्ट्यांच्या ऑर्डर रद्द केल्या. मशीन आणि पट्टी दोन्ही लागणारे पेशंट, त्यातला एक तर ट्रक चालवतो. “म्हणतात, माझ्या हाताचा भरवसा नाही, आधी परत शिकून येते,” मालक म्हणाले. “चांगली चालली होती हो पोरगी. अचानक काय झालं?”

मी प्लास्टर घासायचा ट्रिमर चालू केला, म्हणजे आवाजात काही ऐकू येत नाही.

२७ फेब्रुवारी

सकाळी डॉक्टरांना फोन केला. सांगितलं – मोजमाप तुमचं बरोबर होतं. ठसा तुटला हे खोटं. दोन मिलिमीटर मी ओढले, मुद्दाम.

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

मग म्हणाली, “सहा रात्री झोपले नाहीये मी, ताई. घरी सांगत होते, मी बरोबर मोजलं होतं. नवरा म्हणाला, तुला तसं वाटलं असेल.”