बाबांच्या नावाचं पाकीट

ब्रिस्बेन, ९ मे १९९६

तीर्थरूप आई,

सुतकात नमस्कार करत नाहीत, म्हणून तो लिहीत नाही.

दादाचा फोन आला तेव्हा मी मित्रांबरोबर इथल्या प्राणी-उद्यानात कोआला, कांगारू बघायला गेलो होतो. परतलो तोवर बाबांना मणिकर्णिकेवर नेऊनही झालं होतं.

मी ठीक आहे. शेजारची कस्तुरी वरणभात आणते, समोर बसून खायला लावते. तू जेवतेस ना? घाटाच्या पायऱ्या एकटी उतरू नकोस.

त्या दिवशी येतानाच फोटो धुऊन मिळाले, ते मी बाबांच्या नावाने पोस्टात टाकले. त्यात मी कांगारूला हातावर दाणे चारतोय आणि खूप हसतोय. बाबांची पत्रं आपल्याकडे कुणी फोडत नाही, पण हे तू फोड. फोटो बघ, मागचं वाचू नकोस. मागे मी विचारलंय, 'बाबा, खोकला थांबला का?'

तुझा
देवव्रत