ऊद आणि फाटकं जाळं

ती. बाबा आणि आई,

दोघांना नमस्कार. धाकटीने हे मोठ्याने वाचावं, मधलं काही गाळू नये.

मी मजेत आहे. खोली उबदार आहे, वेळेवर जेवते. आईचे गुडघे कसे आहेत?

इथे शब्दकोशाच्या ऑफिसात मला ‘ऊद’ या शब्दाची नोंद लिहायला दिलीय, आपली मासेमारीची जाळी फाडतो तोच ऊद, ज्याला इथे पाणमांजर म्हणतात. युरोपातल्या कितीतरी भाषांतली त्याची नावं पाण्याच्या एकाच जुन्या शब्दातून निघाली आहेत, आणि आपला ‘ऊद’ही त्याच घरचा. मॅडम म्हणाल्या, “किती गोड प्राणी!” मी म्हटलं, “आमच्या घरी त्याला रोज शिव्या मिळतात.” सगळे हसले.

मला मात्र हसू आलं नाही. बाबा, तुम्ही जाळ्याचे दोन पदर एकमेकांनाच शिवून टाकलेत, असं धाकटीने कळवलंय. जाळी शिवणं माझं काम होतं. तुम्ही अधू डोळ्यांनी ते करताय, आणि मी इथे जाळं फाडणाऱ्याच्या नावाचं कौतुक करत बसलेय.

डोळ्यांचं ऑपरेशन हंगामापायी पुढे ढकलू नका. मी सुट्टी मागितली. मॅडम म्हणाल्या, “नोंद अर्धवट राहील.” त्याचंही वाईट वाटतंय, पण राहू दे.

शनिवारी निघते. तोवर जाळ्याला हात लावलात तर धाकटी मला सांगेल, एवढं लक्षात असू द्या.

तुमची,
थोरली