घरीच काम करणारा मुलगा

कडाव, मंगळवार संध्याकाळ

चौक गावी वैशालीच्या घरी लग्नाचं विचारायला जाऊन आलो. नकार मिळाला. तिच्या वडिलांनी एकच विचारलं, "कामाला कुठं जातोस?" म्हटलं, घरीच कॉम्प्युटरवर पुस्तकांची मुखपृष्ठं करतो, निरनिराळ्या प्रकाशकांसाठी. "म्हंजे कुठंच जात नाय," ते म्हणाले. कुठंच जात नाय! तेच डोक्यात घुमतंय. वैशाली काहीतरी बोलेल असं वाटलं होतं. ती खाली बघत राहिली, दारापर्यंतसुद्धा आली नाही. इतकी वर्षं ओळखते ना मला?

साजगावच्या कंपनीत असतो तर माझ्या वडिलांचं, अण्णांचं, शेवटचं आजारपण कुणी काढलं असतं? काम बाजूला ठेवून त्यांना पेज भरवायचो, ते झोपले की पुन्हा कामाला बसायचो. कुठंच जात नव्हतो म्हणूनच जमलं ते. पण हे तिथं कसं सांगायचं?

घरी येऊन आईला सगळं सांगितलं.  ती पाठीवरून हात फिरवत हळूच म्हणाली, "उद्यापासनं सकाळी बॅग घेऊन बाहेर पडत जा रं. कर्जतला जाऊन बस कुठंतरी. लोकांना दिसू दे."

 मी "बरं" म्हटलं आणि जुनी बॅग झटकून दाराशी ठेवली.