उद्याच्या बाईची बाजू

प्रिय सरकार,

ऑफिसात तुला या नावाने कोणी हाक मारत नाही, हे मला माहीत आहे. पण अर्ध्या चड्डीत असल्यापासून तू प्रत्येक वादात सरकारची बाजू घेत आलास म्हणून आप्पांनी हे नाव ठेवलं, आणि पुढे तू खरोखरच कायद्यांचे मसुदे लिहिणाऱ्या खात्यात जाऊन बसलास, त्याला मी काय करणार? तर सरकार, बरेच रविवार झाले, तू आला नाहीस. पहिल्या रविवारी मी सवयीने दोघांचा चहा टाकला आणि दोन्ही कप मीच संपवले. नंतर एकच टाकायला लागले. तुझा राग आलाय असं समजू नकोस. राग येतो तो एकटीने वाद घालावा लागतो याचा. मी काहीही म्हटलं तरी समोरची खुर्ची लगेच मान्य करते. फोन करता आला असता, पण फोनवर तू मधेच तोंड घालतोस. पत्रात तुला शेवटपर्यंत गप्प बसावं लागेल.

ड्रायव्हिंग स्कूलचं बरं चाललं आहे. हल्ली एक निवृत्त मुख्याध्यापिका गाडी शिकायला येतात. गिअर पडला नाही की म्हणे त्या गाडीलाच रागावतात, आणि गंमत म्हणजे पुढच्या खेपेला तो निमूट पडतो. जिन्याखालच्या ऑफिसातला पंखा अजून तसाच कुरकुरतो. भिंतीवरचा वाहतुकीच्या चिन्हांचा तक्ता उन्हाने इतका फिकटलाय की 'प्रवेश बंद'चा लाल रंग आता गुलाबी दिसतो, आणि तो बदलायची मला मुळीच घाई नाही. तू हसशील. तुझं आवडतं वाक्य मला पाठ आहे: ताई, तुझं पोट लायसन्सवर चालतं आणि तोंड लायसन्सविरुद्ध. असू दे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. केस कापायला, पाव विकायला, कुणाची नखं रंगवायला परवाना कशाला हवा, हे मी तेव्हाही विचारत होते, आजही विचारते. वाईट केस कापले तर गिऱ्हाईक पुढच्या महिन्यात दुसरीकडे जाईल, त्याला काय इन्स्पेक्टर लागतो? गाडीचं वेगळं, ती दुसऱ्याच्या अंगावर जाते. स्वतःच्या डोक्याचं मात्र ज्याचं त्याने बघावं. सीटबेल्टवरून आपण किती रविवार घालवले! माझ्या गाडीत पट्टा लावल्याशिवाय चावी फिरत नाही, हे तू मला पुन्हा पुन्हा ऐकवायचास, आणि मी म्हणायचे, अरे बाबा, ती माझी गाडी आहे. माझ्या घरात सिगारेट ओढू नका म्हणणं वेगळं आणि देशभरातल्या सिगारेटी विझवत फिरणं वेगळं. मग एकदा तू म्हणालास, मागच्या सीटवरच्या मुलाने कुठे काय निवडलेलं असतं? मुलांपुरतं मी मान्य केलं, आणि तेवढ्यावर तू महिनाभर मिरवलास.

पण आपण कधी एकमेकांना मूर्ख म्हणालो नाही, याचं श्रेय आप्पांच्या नियमाला. टेबलावर कितीही कडाक्याने भांडा, पण आधी समोरच्याचं म्हणणं त्याच्याहून चांगलं मांडायचं. समोरचा "हो, मला हेच म्हणायचं होतं" असं म्हणेपर्यंत स्वतःचं उत्तर द्यायचं नाही. जेवण गार व्हायचं, आई वैतागायची, म्हणायची, तुम्ही एकमेकांचंच बोलणार असाल तर जागा तरी बदलून बसा. त्या सिनेमावर बंदी आली होती, आठवतं? तू बंदीच्या बाजूचा, पण आधी माझी बाजू मांडायला बसलास. म्हणालास, ज्याला बघवत नाही त्याने उठून जावं, पण जाताना थिएटरला कुलूप घालायचा हक्क त्याला नाही. आज त्याला नको ते बंद झालं, तर उद्या तुला हवं ते बंद होईल. मी ऐकत राहिले. माझंच म्हणणं मला पहिल्यांदा नीट कळलं ते तुझ्या तोंडून. नंतर तू तुझं म्हणणं मांडलंस, आणि मला ते काडीचंही पटलं नाही, तो भाग सोड.

आता आजाराकडे वळते, म्हणजे तू चष्मा पुसायला लागशील. डॉक्टरांनी काय सांगितलं ते तुला ठाऊक आहे: मेंदूचं हे दुखणं हळूहळू चढत जाणार, आधी नावं जातील, मग रस्ते, मग माणसं. सुरुवात कशी झाली ते मात्र मी तुला सांगितलं नव्हतं. शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो, आणि आमच्या धंद्यातलं सगळं कसब तो न दाबण्यात असतं. शिकणाऱ्याला चुकू द्यायचं, सावरू द्यायचं, आणि अगदीच जिवावर बेतलं तरच पाय टाकायचा. त्या दिवशी एक मुलगी छान गाडी चालवत होती, रस्ता मोकळा होता, आणि मी तो ब्रेक खाडकन दाबला. ओळखीचा चौक मला ओळखू आला नाही आणि मी घाबरले. ती बिचारी म्हणाली, "मॅडम, माझं काही चुकलं का?" मी म्हटलं, नाही गं, तुझं बरोबर चाललं होतं. त्यानंतर मी गाडीत शिकवायला बसले नाही. आता ते काम माझी जुनी विद्यार्थिनी बघते, मी ऑफिसात बसून चिन्हं पाठ करून घेते. कुठलाही कायदा मागे लागलेला नसताना मी स्टिअरिंग सोडलं, हे तुझ्या खात्यात नोंदवून ठेव.

आणि आप्पांचा नियम बाहेरच्या जगात कसा अंगाशी येतो ते ऐक. डॉक्टरांनी एक नवा उपचार सुचवला. हॉस्पिटलात राहायचं, सुया, तपासण्या, गुण आलाच तर थोडासा. मी सवयीने त्यांचं म्हणणं आधी मांडलं: म्हणजे डॉक्टर, तुमचं म्हणणं असं की थोडा का होईना, वेळ हातात पडतो, त्या वेळात नातवंडांची नावं लक्षात राहतात, आणि आज घाबरून नाही म्हटलं तर उद्या हो म्हणायची संधी उरत नाही. डॉक्टरांचे डोळे भरून आले. म्हणाले, "अगदी हेच, बाई. इतकं सुंदर कुणी समजून घेतलं नव्हतं." आता माझं उत्तर द्यावं म्हणून मी पदर सावरते आहे, तोवर ते उठून बाहेर गेले आणि माझ्या लेकीला फोन करून सांगितलं, आई तयार झाल्या! खाटही ठरवून टाकली. लेक आनंदाने रडली. संध्याकाळी मला तिला सांगावं लागलं की बाळा, मी तयार नाही, मी नुसती त्यांची बाजू मांडत होते. ती म्हणाली, "बरं आई, तू म्हणशील तसं." एवढंच. का, कशाला, काहीही नाही. माझी लेक माझ्यावर इतकी माया करते की ती माझ्याशी वाद घालत नाही. मला तेव्हा तुझी फार आठवण आली.

मग तो रविवार. तुझा नवा मसुदा तू कौतुकाने वाचून दाखवायला आणला होतास. आजचा कायदा मला पुरेसा होता: ज्याला हवं त्याने शहाणपण शाबूत असताना लिहून ठेवावं, माझी समज गेली तर हे उपचार करा, ते करू नका, आणि आपल्या वतीने बोलायला एक माणूस नेमावा. तुझ्या मसुद्यात त्यावर एक समिती आली. एक डॉक्टर, एक वकील, एक समाजसेवक. त्यांना पटलं नाही तर आपण लिहिलेलं बाजूला. मी भडकले. म्हटलं, तीन अनोळखी माणसं माझ्या उशाशी बसून माझ्या जगण्यावर हात वर करून मत देणार? तुमची काळजी आम्हाला नको, भीक नको पण कुत्रा आवर. एकदा हे दार उघडलं की बंद होत नाही. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो. हे म्हटलं आणि आपण दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि या खेपेची म्हातारी मीच आहे हे लक्षात येऊन हसत सुटलो. तेवढाच काय तो त्या दिवशीचा शेवटचा आनंद.

कारण मग तू नियमाप्रमाणे माझी बाजू नीट मांडलीस, मी हो म्हटलं, आणि तुझी पाळी आली. तू जे विचारलंस ते आता मी मांडते. तेव्हा मांडलं नव्हतं, नियम मोडून सरळ उत्तर दिलं होतं. तुझं म्हणणं असं होतं: ताई, तू लिहून ठेवणार की मला माणसं ओळखू येईनाशी झाली की साध्या न्यूमोनियाचंही औषध देऊ नका. पण तेव्हाची ती बाई कदाचित खिडकीत बसून मजेत असेल. तिला पावाला जॅम लावून खायला आवडत असेल. समोरच्या झाडावरचे पक्षी तिला रोज नवे वाटत असतील. तू तिला विचारलंस का? तिला मताचा अधिकार न देता तू आज तिच्यावर कायदा करते आहेस. मग तुझ्यात आणि माझ्या खात्यात फरक काय?

बरोबर मांडलं ना? मी त्या दिवशी म्हणाले होते, ती बाई म्हणजे मीच, आणि माझं मी बघेन, आणि तू मला आत्ताच वेडी ठरवून मोकळा झालास. तुझा चेहरा उतरला. तू चहा अर्धा टाकून गेलास. तू दुखावून गेलास, आणि मी मात्र हरले म्हणून बसून राहिले. त्यानंतर मी रोज उत्तर शोधते आहे. दोन्ही बाजूंनी मांडून पाहिलं. तुझी समिती मला अजूनही मान्य नाही, आणि हे मी तुझ्या मंत्र्यांनाही सांगेन. त्या तिघांना पावावर जॅम आवडणारी बाई दिसणार नाही, त्यांना फाईल दिसेल. पण तुझा प्रश्न खरा आहे. ती बाई मी नसेन कदाचित. ती माझ्या अंगात राहायला आलेली कुणी दुसरीच असेल, आणि मी आयुष्यभर एकच गोष्ट बोलत आले की दुसऱ्याच्या आयुष्याचा निर्णय आपण करू नये.

काल मी वकीलबाईंकडे जाऊन सगळं लिहून आले. काय नको ते स्पष्ट लिहिलं, त्यातला शब्दही बदललेला नाही. माझ्या वतीने बोलणारा माणूस म्हणून तुझं नाव दिलं आहे, लेकीचं नाही. तिला मी समजावून सांगितलं, ती बरं म्हणाली, आणि मला वाटतं तिला आतून सुटल्यासारखं झालं. यात तुझी संमती लागते, आणि ती मागायला हे पत्र लिहिते आहे. जबरदस्ती मी कुणावर करत नाही, नाही म्हणालास तरी रविवारी ये. पण हो म्हणणार असशील तर कशाला हो म्हणतो आहेस ते नीट ऐक. ती बाई यातनेत असेल, तर माझी बाजू घे, आणि तुझी ती समिती तोवर आलीच तर तिच्यापुढे अशी मांड की त्या तिघांनी खुर्च्या उचलून घरी जावं. ते तुला सहज जमेल. अवघड काम पुढचं आहे. ती खरोखरच मजेत असेल, तर तिची बाजू घे. तिच्या बाजूने बोलणारं तेव्हा दुसरं कुणी नसेल. लेक माझं लिहिलेलं देवाचा शब्द मानेल, आणि त्या बाईला स्वतःला बोलता येणार नाही. ती तुला ओळखणार नाही, सरकार, कदाचित दारातूनच हाकलून देईल. मला या गोष्टीची भीती वाटते, मरणाहून जास्त वाटते. तरी तू तिच्याशेजारी बस, तिला काय हवं आहे ते बघ, आणि गरज पडली तर माझ्याविरुद्ध उभा राहा. आयुष्यभर मी कुणाला माझ्यावर सत्ता चालवू दिली नाही. तिच्यावर मलाही चालवू देऊ नकोस.

तुझीच, आणि अजून तरी माझीही,
ताई