वजडीवरचे तीन फोड

माह्या लाडक्या बहिणीले, कांतेले,

तुले अन् घरच्या सगळ्यायले पोटभर आशीर्वाद. गुडघे कसे आहेत ते कळव (खोटं लिहू नको, तुही सून मले फोनवर सगळं सांगते).

येत्या गुरुवारी माह्या पोटातली गाठ काढणार, तर तू म्हणाली का पोट फाडू देऊ नको. अवं, फाडतच नाहीत. तोंडातून नळी टाकतात, गाठीखाली पाणी टोचतात, ती पुरीसारखी फुगते, मग वरच्या वर कापून घेतात. कापता कापता फुगा मधातच बसला तर सुरी खाली पोटाले लागते, एवढंच. म्हणून कोणतं पाणी जास्त वेळ टिकते हे आपली धनश्री तपासून राहिली (माही नातच माह्या दवाखान्यात डॉक्टर, आता बोल).

माहा पराक्रम ऐक. परवा फ्रीजात डब्बाभर वजडी दिसली, बोकडाचं अख्खं पोट. मले वाटलं, पोरीनं जन्मात पहिल्यांदा घरात काही कामाचं आणलं. चुन्यानं घासली, गरम पाण्यानं धुतली, अन् आपल्या कोष्ट्यायच्या घरी होते तशी झणझणीत सावजी केली (तेल जरा जास्तच झालं). धनश्री आली, दोन वाट्या खाल्ल्या, तिसरी घेतली, मग फ्रीज उघडलं.

"आजी, तो माहा प्रयोग होता."

मी म्हटलं, चांगला झाला होता वं. ती आधी रडली, मग हसली, मग उरलेलाही संपवला.

दुसऱ्या दिवशी मीच खाटकाकडून नवी वजडी निवडून आणली. ओट्यावर पसरून तिनं तीन जागी टोचलं अन् घड्याळ माह्या हाती दिलं. मिठाच्या पाण्याचा फोड चहाले उकळी येईपर्यंत बसला. दुसरं औषध चिकट, महागाचं (नाव घेता घेता कवळी निघते). त्याचा फोड माही मेथी निवडून झाली तरी उभा. अन् तिसरं काय असंन? खळ! आपण जन्मभर सुताले पाजली तशीच, फक्त दवाखान्यातली. तिचा दुसरा नंबर आला. मी चार घरी सांगून आली. मले मात्र ते चिकटच टोचणार म्हणे. जराशी रुसली, पण हो म्हटलं.

तर काळजी करू नको. मी बिलकूल भेत नाही.

तुही मोठी बहीण,
रुख्माबाई

ता. क. धनश्रीलेही मी असंच सांगतलं, अन् तिनं ते खरं समजलं. आता तिच्यासमोर रडता येत नाही. बुधवारच्या पहिल्या गाडीनं येजो. काही करू नको, नुसती बाजूले बस.

आणखी एक. आधी उपाशी ठेवतात अन् नंतर दोन दिवस नुसतं पातळ पाजतात म्हणे. तूही माह्यासोबत तेच पेजो. एकटीनं उपाशी राहाले मले फार राग येते.