पाकिटावर मेरी लिही

प्रिय आई,

लंडनहून तुझ्या लेकीचा नमस्कार. मी मजेत आहे. रविवारी मटण असतं, पलंग माझा एकटीचा आहे आणि माळ्यावरची खिडकी वीतभर उघडते.

तुझी दोन पत्रं परत आली म्हणून घाबरू नकोस. या घरात वरकामाच्या मुलीला मेरीच म्हणतात, माझ्या आधीचीही मेरीच होती. त्यामुळे स्वयंपाकीणबाईंनी पोस्टमनला सांगून टाकलं, "ऑड्री नावाचं इथे कोणी नाही."

मी बाईसाहेबांना सांगून पाहिलं, की हे आमच्या ईली गावच्या संत राणीचं नाव आहे. ती राजवाडा सोडून निघाली आणि तिला कुणी अडवू शकलं नाही. पाद्रीबाबांनी सांगितलेला अर्थही सांगितला, थोर बळ. त्या म्हणाल्या, "कोळशाची बादली उचलायला मेरीचं बळ पुरतं."

बाबांचा खोकला कसा आहे? वाम मासे धरायच्या टोपल्या अजून विणतात का? त्यात आत जायची वाट रुंद ठेवतात, बाहेरची ठेवतच नाहीत, ते परवा उगाच आठवलं.

काल बाजारात एका बाईने आपल्या मुलीला हाक मारली, "ऑड्री, अगं ए ऑड्री." मी वळलेसुद्धा नाही. घरी येऊन बादली उचलली, तेव्हा लक्षात आलं.

तेव्हा पाकिटावर मेरीच लिही, म्हणजे पत्र पोचेल. आत मात्र दर ओळीत मला नावाने हाक मार.

तुझीच,
ऑड्री